वाचकांचे प्रश्न : पीएलसी, त्याचे वायरिंग आणि त्याचे नेटवर्क

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. बहुतेक वाचकांनी प्रोग्रॅमविषयी विचारले आहे. पण त्यांच्या अडचणींचे मूळ बरेचदा प्रोग्रॅमच्या बाहेर, म्हणजे टर्मिनलवर, केबलमध्ये किंवा वेळेच्या हिशेबात सापडते. सिग्नल आल्यावर मशीनने काय करावे हे प्रत्येक जण लिहितो. तो यायला हवा असताना आलाच नाही तर काय करावे, याचा विचार मात्र अनेकदा राहून जातो. खालील उत्तरांत हा मुद्दा वारंवार येईल, आणि तो मी मुद्दाम आणला आहे.

प्रश्न : आमचे रिले (विजेने चालणारे स्विच) आणि टायमरचे जुने पॅनेल अजून काम देते आहे. ते काढून पीएलसी बसवावा असा विचार आहे. काही सहकारी म्हणतात की एखादा साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड किंवा संगणकही हे काम करू शकेल. मग पीएलसीच का घ्यावा? (विद्युत विभागातील पर्यवेक्षक)

उत्तर : पीएलसी कोणत्या अडचणीतून जन्माला आला हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने, रिलेच्या पॅनेलऐवजी वापरता येईल अशा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडून आपल्या काय अपेक्षा आहेत हे लिहून काढले. मोटारीचे मॉडेल बदलले की ढीगभर रिलेंचे वायरिंग उलगडून नव्याने करावे लागे आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जात. बेडफर्ड असोसिएट्स या कंपनीतील डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो कंट्रोलर बनवला त्याचे नाव मोडिकॉन ०८४. तो त्या कंपनीचा ८४ वा प्रकल्प होता, म्हणून तो आकडा. कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा यासाठी रिलेच्या आकृतीसारखीच दिसणारी लॅडर पद्धत त्यात ठेवण्यात आली.

म्हणजे मोठी आकडेमोड करणे हे पीएलसीचे उद्दिष्ट कधीच नव्हते. ती ताकद मायक्रोकंट्रोलर बोर्डातही असते आणि संगणकात तर कितीतरी अधिक असते. पण कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा स्विच) सुटताना उठणारी विद्युत ठिणगी, ड्राइव्हचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचा) विद्युत गोंगाट, पॅनेलमधील उष्णता आणि कंपने यांच्यात वर्षानुवर्षे टिकून राहण्यासाठी लागणारी व्यवस्था बोर्डावर आपल्याला स्वतः उभी करावी लागते. पीएलसीच्या इनपुटची मर्यादाही मानकाने ठरवून दिलेली असते : आयईसी ६११३१-२ मधील ‘टाइप १’ प्रकारच्या २४ व्होल्ट इनपुटमध्ये १५ व्होल्टच्या वर ‘चालू’ आणि ५ व्होल्टच्या खाली ‘बंद’ मानले जाते, त्यामुळे तारेत शिरलेला दोन-तीन व्होल्टचा गोंगाट सिग्नल ठरत नाही. प्रोग्रॅम अडकला तर वॉचडॉग, म्हणजे आतला पहारेकरी टायमर, तो थांबवतो आणि आउटपुट ठरलेल्या अवस्थेत जातात. शिवाय मशीन चालू असताना प्रोग्रॅम पडद्यावर उघडून कोणती अट अडली आहे हे पाहता येते, आणि रात्रपाळीतील तंत्रज्ञाला याचाच सर्वाधिक उपयोग होतो. आपल्या पॅनेलमध्ये चार-पाच रिले असतील आणि त्यांच्या कामात पुढे बदल होणार नसेल, तर ते पॅनेल तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे. टायमर अनेक असतील, किंवा दर काही महिन्यांनी क्रम बदलावा लागत असेल, तर पीएलसी घ्यावा.

प्रश्न : पॅकिंग लाइनवर वेष्टनावरील काळी खूण फोटोसेन्सरने वाचून आम्ही नग मोजतो. लाइन सावकाश चालवली की मोजणी अचूक येते, वेग वाढवला की नग कमी भरतात. सेन्सर दोनदा बदलून पाहिला. प्रोग्रॅममध्ये काउंटरखेरीज काहीच नाही. (उत्पादन विभागातील अभियंता)

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहे, पीएलसीची नजर त्या क्षणी दुसरीकडे असते. पीएलसी इनपुटकडे सतत पाहत नाही. तो सर्व इनपुट एकदा वाचून त्यांची नोंद स्मृतीत ठेवतो, त्या नोंदीवर संपूर्ण प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवतो, मग आउटपुट बदलतो, संवादाची कामे उरकतो आणि पुन्हा इनपुट वाचायला येतो. या एका फेरीला स्कॅन म्हणतात. दोन वाचनांच्या मधल्या काळात खूण येऊन गेली, तर पीएलसीच्या दृष्टीने ती आलीच नाही.

आपल्या लाइनसाठी हिशेब असा मांडता येईल. समजा खूण ५ मिलिमीटर रुंद आहे. वेष्टन सेकंदाला ३०० मिलिमीटर सरकत असताना सेन्सर सुमारे १७ मिलिसेकंद चालू राहतो. वेग सेकंदाला १ मीटर केला की तोच सिग्नल ५ मिलिसेकंदांत संपतो. स्कॅन १२ मिलिसेकंदांचा असेल, तर पहिल्या वेगाला प्रत्येक खूण निदान एकदा तरी वाचली जाते, आणि दुसऱ्या वेगाला निम्म्याहून अधिक खुणा निसटतात. इनपुटला जोडलेला फिल्टर हा आणखी एक वाटेकरी आहे. संपर्काची थरथर गाळण्यासाठी तो ठेवलेला असतो आणि सहसा काही मिलिसेकंदांचा असतो; त्याहून आखूड सिग्नल तो प्रोग्रॅमपर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून सिग्नल चालू राहण्याचा काळ हा एक पूर्ण स्कॅन अधिक फिल्टर यांच्याहून मोठा हवा, आणि दोन खुणांमधील बंद असण्याचा काळही तेवढाच हवा. या दुसऱ्या अटीकडे सहसा कोणी पाहत नाही. हिशेब करताना स्कॅनची सरासरी धरू नये. सॉफ्टवेअरमध्ये किमान, सध्याचा आणि कमाल असे तिन्ही आकडे दिसतात, त्यांतला कमाल आकडा धरावा.

उपाय करताना प्रथम फिल्टर कमी करून पाहावा. सेन्सरमध्ये सिग्नल लांबवण्याची सोय, म्हणजे ऑफ-डिले, असेल तर ती वापरावी. तेवढ्याने भागले नाही तर तो सिग्नल हाय-स्पीड काउंटरच्या इनपुटवर न्यावा. तेथे मोजणी स्कॅनवर अवलंबून न राहता स्वतंत्र सर्किट करते आणि प्रोग्रॅम फक्त बेरीज वाचतो. एन्कोडरच्या (फिरणाऱ्या अक्षाबरोबर पल्स देणाऱ्या सेन्सरच्या) बाबतीत तर दुसरा मार्गच नसतो. एका फेऱ्यात १००० पल्स देणारा एन्कोडर मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला २५,००० पल्स येतात, म्हणजे दर ४० मायक्रोसेकंदांना एक. कोणताही साधा स्कॅन तेथवर पोहोचत नाही.

प्रश्न : आमच्या मशीनचे स्टॉप बटण प्रत्यक्षात एनसी (न दाबता जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) आहे, पण लॅडरमध्ये ते एनओ (न दाबता तुटलेल्या) कॉन्टॅक्टच्या चिन्हाने दाखवले आहे. ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक आहे का? मी चिन्ह बदलून पाहिले तर मोटर सुरूच होईना. (प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञ)

उत्तर : चूक नाही, प्रोग्रॅम बरोबर आहे आणि वायरिंगही बरोबर आहे. लॅडरमधील चिन्ह बटणाचे चित्र नसते, तो स्मृतीतील बिटाला विचारलेला प्रश्न असतो. एनओ चिन्ह विचारते, ‘हा बिट १ आहे का?’ बटण दाबलेले नसताना एनसी संपर्कातून २४ व्होल्ट इनपुटपर्यंत पोहोचतात, इनपुटचा दिवा पेटलेला असतो आणि बिट १ असतो, म्हणून लॅडरची ती पायरी पुढे जाते. बटण दाबले की बिट ० होतो आणि मोटरचा होल्ड, म्हणजे तिला चालू धरून ठेवणारी अट, सुटतो. आपण चिन्ह एनसी केले तेव्हा प्रश्न ‘हा बिट ० आहे का?’ असा झाला, आणि बटण सोडलेले असताना त्याचे उत्तर नेहमीच ‘नाही’ येणार.

आता हेच उलट करून पाहावे. बटण एनओ जोडले आणि लॅडरमध्ये एनसी चिन्ह ठेवले, तर मशीन अगदी तसेच सुरू होईल आणि तसेच थांबेल. तपासणीत कोणालाही फरक कळणार नाही. फरक कळेल तो टर्मिनलमधून वायर निसटल्यावर. एनसी बटणाची वायर निसटली तर मोटर तत्काळ थांबते, लोक कटकट करतात, दहा मिनिटांत दोष सापडतो. एनओ बटणाची वायर निसटली तर काहीच होत नाही. मशीन नेहमीसारखे चालत राहते, आणि थांबवण्याची खरी गरज पडते तेव्हाच बटण मृत असल्याचे समजते. म्हणून नवीन मशीन ताब्यात घेताना बटण दाबून पाहणे पुरेसे नाही. प्रत्येक स्टॉप बटणाची, लिमिट स्विचची आणि प्रेशर स्विचची वायर टर्मिनलमधून काढून मशीन थांबते का हे पाहावे. या तपासणीला अर्धा दिवस लागला तरी तो द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपत्कालीन स्टॉपची गोष्ट याहून वेगळी आहे. तो साध्या पीएलसीच्या भरवशावर कधीही सोडू नये, कारण ट्रान्झिस्टर आउटपुट शॉर्ट झाला किंवा कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटले, तर प्रोग्रॅमने कितीही ‘बंद’ म्हटले तरी मोटर फिरतच राहते. त्यासाठी दोन वाहिन्यांचा सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी लागतो, जो कॉन्टॅक्टर खरोखर सुटला का हे त्याच्या सहायक संपर्कावरून तपासतो आणि सुटला नसेल तर पुढच्या वेळी मशीन सुरू होऊ देत नाही. आयएसओ १३८५० या मानकानुसार, दाबलेले आपत्कालीन बटण पुन्हा वर ओढल्याने मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळी स्टार्टची आज्ञा द्यावी लागते. याच कारणाने मोटरचा होल्ड कधीही रिटेंटिव्ह (वीज गेली तरी अवस्था लक्षात ठेवणाऱ्या) बिटावर ठेवू नये. वीज जाऊन परत आली की तो बिट आपली जुनी अवस्था घेऊन उठतो, आणि बेल्टजवळ हात घालून बसलेल्या माणसाला याची कल्पना नसते.

प्रश्न : अॅनालॉग सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरच का असतो? शून्यापासून सुरू केला तर मोजमाप सोपे होणार नाही का? (अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी)

उत्तर : मोजमाप सोपे होईल, पण तुटलेली तार ओळखता येणार नाही. टाकी रिकामी असताना तिची पातळी मोजणारा ट्रान्समीटर ४ मिलिअँपिअर देतो. वायर तुटली तर ० येतो. ० ते २० च्या पद्धतीत या दोन्ही स्थिती सारख्याच दिसल्या असत्या, आणि रिकामी समजून पंप भरलेल्या टाकीत पाणी सोडत राहिला असता. दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतःला लागणारी वीजही याच पहिल्या ४ मिलिअँपिअरमधून घेतो. नामूर या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हे मोजमाप मानतात, आणि ३.६ किंवा त्याखाली अथवा २१ किंवा त्यावर गेलेला प्रवाह हा दोष मानतात. ही सोय हार्डवेअरने दिलेली असली तरी प्रोग्रॅमने ती वापरली पाहिजे. अनेक प्रोग्रॅमांमध्ये ३ मिलिअँपिअरचे रूपांतर थेट उणे पातळीत होते, पुढे ती शून्यावर आणून ठेवली जाते, आणि दोषाची खूण तेथेच पुसली जाते.

प्रश्न : संवादाच्या एका आरएस-४८५ केबलवर ऊर्जा मीटर आणि ड्राइव्ह मिळून १४ उपकरणे मॉडबस आरटीयूने (एकेका उपकरणाला विचारून उत्तर घेण्याच्या पद्धतीने) जोडली आहेत. मोठा ड्राइव्ह सुरू झाला की दोन मीटर गायब होतात, आणि तेव्हा बाकीच्यांचे आकडेही उशिरा बदलतात. वेग सेकंदाला ९६०० बिट आहे. (देखभाल विभागातील तंत्रज्ञ)

उत्तर : येथे दोन वेगळे आजार एकत्र दिसत आहेत. दोन मीटर गायब होणे हा केबलचा आजार आहे. बाकीच्यांना उशीर होणे हा वेळेच्या हिशेबाचा.

आधी केबल पाहू. आरएस-४८५ ची केबल एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे अशी एका ओळीत न्यावी लागते. सोयीसाठी मधल्या जंक्शन बॉक्समधून चार दिशांना फाटे काढले असतील, तर प्रत्येक फाट्याच्या टोकावरून सिग्नल परावर्तित होतो. ओळीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रोध हवा. हे तपासायला वेळ लागत नाही : सर्व उपकरणांची वीज बंद करून ए आणि बी या तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजावा. सुमारे ६० ओहम आला तर दोन्ही रोध जागेवर आहेत. १२० च्या आसपास आला तर एक राहिला आहे, आणि ४० च्या आसपास आला तर मधल्या कुठल्यातरी उपकरणातील रोधाचा स्विच चुकून चालू राहिलेला आहे. ए आणि बी ही नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, हेही लक्षात असावे. एखादेच उपकरण अजिबात उत्तर देत नसेल, तर त्याच्या दोन तारा अदलाबदल करून पाहण्यात धोका नाही.

ड्राइव्हशी असलेला संबंध मात्र केबलच्या मार्गातून येतो. ड्राइव्हकडून मोटरकडे जाणाऱ्या केबलमध्ये व्होल्टेज अतिशय वेगाने चालू-बंद होत असते, आणि तिच्याच ट्रेमधून समांतर नेलेली संवादाची केबल हा गोंगाट उचलते. दोन्ही केबल वेगळ्या ट्रेमधून न्याव्यात, ओलांडणे भाग असेल तर काटकोनात ओलांडावे, आणि शील्ड प्रत्येक उपकरणाशी तुटत नाही ना हे पाहावे. तिसरी, म्हणजे कॉमनची, तार अनेक ठिकाणी जोडलेलीच नसते. आरएस-४८५ चा रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढाच सामायिक फरक सहन करतो. लांबच्या दोन पॅनेलांच्या अर्थिंगमध्ये मोठा ड्राइव्ह सुरू होताना याहून अधिक फरक पडला, तर तेवढ्या काळापुरता संवाद तुटतो. आपल्या वर्णनावरून मला प्रथम याच तारेचा संशय येतो.

आता वेळ पाहू. ९६०० च्या वेगाला पॅरिटी धरून एका बाइटला ११ बिट, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. विचारणा ८ बाइटची, म्हणजे ९ मिलिसेकंदांची. २० रजिस्टरांचे (प्रत्येकी दोन बाइटच्या आकड्यांचे) उत्तर ४५ बाइटचे, म्हणजे ५२ मिलिसेकंदांचे. प्रत्येक संदेशाआधी साडेतीन बाइटएवढी शांतता ठेवावी लागते, तिचे दोन वेळचे ८ मिलिसेकंद. उपकरणाला उत्तर तयार करायला साधारण २० मिलिसेकंद धरले, तर एका उपकरणाला ९० आणि चौदांना मिळून सुमारे सव्वा सेकंद लागतो. हे ठीक आहे. पण उत्तर न देणाऱ्या उपकरणासाठी टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, १ सेकंद आणि आणखी दोन प्रयत्न अशी मांडणी असेल, तर एकेक गप्प मीटर प्रत्येक फेरीत ३ सेकंद खातो. दोन मीटर गप्प झाले की सव्वा सेकंदाची फेरी सात सेकंदांवर जाते. टाइमआउट २०० ते ३०० मिलिसेकंदांवर आणावा, आणि जे उपकरण लागोपाठ गप्प राहील त्याला नेहमीच्या फेरीतून वगळून अधूनमधूनच विचारावे.

यापुढची गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संवाद तुटला की पीएलसीच्या रजिस्टरमध्ये शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. पडद्यावर ४१२ व्होल्ट दिसत राहतात आणि ते आताचे आहेत की तासापूर्वीचे हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक उपकरणासाठी ‘संवाद चालू’ असा स्वतंत्र बिट ठेवावा, आणि तो गेला की तो आकडा पडद्यावरून काढावा किंवा त्याचा रंग बदलावा. ड्राइव्हला वेगाची आज्ञा मॉडबसवरून जात असेल, तर आज्ञा येणे थांबल्यास थांबायचे की चालत राहायचे, हे ड्राइव्हच्याच सेटिंगमध्ये ठरवून ठेवावे लागते. ते ठरवले नसेल, तर पीएलसी बंद पडूनही मोटर जुन्याच वेगाने फिरत राहू शकते.

प्रश्न : फ्लो मीटरच्या पडद्यावर ५०.० दिसते, पण मॉडबसवरून पीएलसीत ० येते. पत्ता पुस्तकाप्रमाणेच टाकला आहे. (तोच विभाग, दुसरे पत्र)

उत्तर : मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे असते आणि दशांश संख्येला ३२ बिट लागतात, म्हणून ती दोन रजिस्टरांत विभागून येते. त्यांचा क्रम मूळ मॉडबसने ठरवून दिलेला नाही, आणि उत्पादकांनी तो आपापल्या मताने ठरवला आहे. ५०.० ही संख्या दोन रजिस्टरांत १६९६८ आणि ० अशी बसते. पीएलसीने हे दोन तुकडे उलट क्रमाने जोडले तर तयार होणारी संख्या इतकी सूक्ष्म असते की पडद्यावर ० दिसतो. आपण ती दोन रजिस्टरे आधी पूर्णांक म्हणून पाहावीत. १६९६८ आणि ० दिसले तर पत्ता बरोबर आहे. त्यानंतर क्रम उलटा करून जोडून पाहावा. वेगळेच आकडे दिसले तर पत्ता एकाने पुढे-मागे करावा, कारण पुस्तकात ४०००१ म्हणून छापलेले रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० या पत्त्याने जाते, आणि काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतात, काही करीत नाहीत.

प्रश्न : प्रोफिनेट, इथरनेट/आयपी, इथरकॅट आणि मॉडबस टीसीपी या इथरनेटवरील संवादपद्धतींपैकी काय निवडावे? सगळ्यांची केबल तर एकच आहे.

उत्तर : केबल एकच असली तरी ही मंडळी एकमेकांचे बोलणे समजत नाहीत. निवड बहुधा पीएलसी घेतानाच झालेली असते. त्याच्याशी आणि ड्राइव्हशी जे मुळात जुळते तेच घ्यावे, मधे रूपांतरक घालण्याची वेळ येऊ देऊ नये. अनेक अक्षांची एकत्रित हालचाल असेल तर बेकॉफने २००३ मध्ये पुढे आणलेल्या इथरकॅटचा विचार करावा. त्यात संदेश उपकरणातून जाता-जाताच वाचला आणि भरला जातो. फक्त आकडे गोळा करायचे असतील तर मॉडबस टीसीपी पुरेसा आहे. तांब्याच्या केबलचा एक टप्पा १०० मीटरच्या पुढे नेऊ नये.

प्रश्न : उत्पादनाचे आकडे मोबाइलवर दिसावेत अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. पीएलसीला इथरनेटचे पोर्ट आहेच. तो कार्यालयाच्या नेटवर्कला जोडून बाहेरून उघडला तर काय हरकत आहे? (ऑटोमेशन अभियंता)

उत्तर : हरकत मोठी आहे. मॉडबस १९७९ मध्ये मोडिकॉनने तयार केला, तेव्हा केबलच्या दोन टोकांना कोण आहे हे पॅनेलचे दार उघडून पाहता येत होते. त्यात पासवर्ड नाही आणि कोण बोलते आहे याची तपासणीही नाही. मॉडबस टीसीपीच्या ५०२ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत जो पोहोचेल त्याला वाचता येते, आणि बहुतेक ठिकाणी लिहिताही येते. आकडे पाहण्यासाठी उघडलेल्या त्याच वाटेने मोटर सुरू करण्याची आज्ञाही आत येऊ शकते.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर दोन घटना पाहाव्यात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज चालवणाऱ्या सीमेन्सच्या पीएलसींना लक्ष्य केले. अभियंत्याच्या संगणकावरील प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्येच त्याने शिरकाव केला, त्यामुळे पीएलसीमधील बदललेला भाग त्या संगणकावरून पाहताना दिसत नसे. दुसरी घटना २०१७ मधील, सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पातली. तेथे ट्रायकोनेक्सच्या सेफ्टी कंट्रोलरमध्ये, म्हणजे धोका दिसताच प्रकल्प थांबवणाऱ्या यंत्रणेतच, ट्रायटन नावाचा घातक प्रोग्रॅम घालण्यात आला होता. कंट्रोलरवरील किल्लीचा स्विच ‘प्रोग्रॅम’ स्थितीत राहिलेला असल्याने तो आत लिहिता आला. म्हणून सांगतो : आपल्या पीएलसीला तसा स्विच असेल तर तो ‘रन’वर ठेवून किल्ली काढून घ्यावी. एवढी सोपी आणि बिनखर्चाची खबरदारी दुसरी नाही.

आपली गरज मात्र खरी आहे आणि ती भागवता येते. मशीनचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे ठेवावे आणि दोघांच्या मध्ये फायरवॉल बसवावी. पीएलसीतून आकडे वाचणारा एकच गेटवे असावा, आणि कार्यालयाने पीएलसीशी न बोलता त्या गेटवेशी बोलावे. ओपीसी यूए ही आकडे देण्याघेण्याची पद्धत वापरणार असल्यास प्रमाणपत्रे आणि एन्क्रिप्शन चालू करावे. जोडणी पटकन होते म्हणून ‘सुरक्षा नाही’ हा पर्याय निवडून पुढे तो तसाच ठेवला जाताना अनेक ठिकाणी दिसतो. मशीन बनवणाऱ्या कंपनीला दुरून दुरुस्ती करायची असेल तर व्हीपीएन द्यावे, तेही मागणी आल्यावर उघडावे आणि काम झाल्यावर बंद करावे. नेटवर्कचे असे विभाग कसे पाडावेत याची शिस्तशीर मांडणी आयईसी ६२४४३ या मानकमालेत आहे. याच्या जोडीला एक गोष्ट आवर्जून तपासावी : गेटवे किंवा कार्यालयाकडील केबल काढून टाकली तर मशीन पूर्ववत चालते का? चालत नसेल, तर उत्पादन अशा दुव्यावर टांगलेले आहे ज्याची देखभाल आपल्या हातात नाही.

प्रश्न : लॅडर शिकावे की शब्दांत ओळी लिहिण्याची स्ट्रक्चर्ड टेक्स्ट पद्धत? (विद्यार्थी)

उत्तर : दोन्ही, पण आधी लॅडर. १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयईसी ६११३१-३ ने पाच पद्धती मान्य केल्या. त्यांतली इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली, तिच्यावर वेळ घालवू नये. इंटरलॉक (एक क्रिया दुसरीला अडवणाऱ्या अटी) लॅडरमध्ये लिहावेत, कारण बिघाडाच्या वेळी ते वाचणारा माणूस बहुधा वायरिंग जाणणारा असतो. सूत्रे, तक्ते आणि पुनरावृत्तीची कामे स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहावीत. कोणत्याही पद्धतीत एकच आउटपुट दोन ठिकाणी लिहू नये; स्कॅनमध्ये नंतर येणारी ओळ आधीचीवर पाणी फिरवते आणि पहिली ओळ पडद्यावर खरी दिसत असूनही आउटपुट बंद राहतो.

प्रश्न : जुन्या पीएलसीवर बॅटरीचा लाल दिवा लागला आहे. मशीन चालू आहे. मूळ प्रोग्रॅम कोणाकडे आहे ते माहीत नाही. काय करावे? (देखभाल प्रमुख)

उत्तर : मशीन बंद करू नये, हे पहिले. जुन्या पीएलसींमध्ये प्रोग्रॅम रॅममध्ये असतो आणि वीज नसताना त्याला जिवंत ठेवण्याचे काम ती बॅटरी करते. बॅटरी संपलेली असताना मुख्य स्विच बंद केला, तर पुन्हा चालू करताना प्रोग्रॅम रिकामा असू शकतो. म्हणून आठवडी सुट्टीच्या आधी, शक्यतो आजच, योग्य केबल आणि सॉफ्टवेअर असलेल्या संगणकाने प्रोग्रॅम वाचून घ्यावा, आणि तो दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावा. त्यानंतरच बॅटरी बदलावी. ती वीज चालू ठेवून बदलायची की बंद करून, हे त्या पीएलसीच्या पुस्तकात दिलेले असते, अंदाजाने ठरवू नये.

जुन्या पीएलसीतून वाचलेल्या प्रोग्रॅममध्ये बहुधा टिपणे आणि इनपुट-आउटपुटची नावे नसतात, फक्त पत्ते असतात. ती नावे पॅनेलच्या आकृतीवरून आणि टर्मिनलच्या क्रमांकांवरून पुन्हा भरावी लागतील. हे काम मशीन धड चालू असतानाच करावे, कारण तेव्हा एकेक सेन्सर चालू-बंद करून कोणता बिट बदलतो हे पडद्यावर पाहता येते. टायमरच्या आणि काउंटरच्या चालू किमती, ड्राइव्हमधील सेटिंग आणि संवादाचे पत्ते हेही त्याच वेळी उतरवून घ्यावेत. वाचून झाल्यावर प्रोग्रॅममध्ये कोठे फोर्स, म्हणजे बिटाची हाताने पक्की केलेली अवस्था, लावून ठेवलेला आहे का ते पाहावे. एखादा बंद पडलेला सेन्सर वर्षांपूर्वी कोणी फोर्सने ‘चालू’ करून ठेवलेला असेल, तर नवीन बॅटरीनंतर किंवा नवीन पीएलसीत तो फोर्स राहीलच असे नाही. तो गेला तर मशीन सुरू होणार नाही आणि दोष मात्र बॅटरी बदलणाऱ्याच्या माथी येईल.